पहिल्या रांगेतला मुलगा

सैन्याच्या प्रशिक्षण केंद्राचे फोटो दर शनिवारी मोबाइलवर यायचे आणि सलूनवाल्याची बायको त्यातून आपला मुलगा शोधून काढायची. सगळी डोकी एकसारखी भादरलेली, सगळे चेहरे उन्हानं रापलेले. पण आईची नजर ती! पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. लगेच फोटो नणंदेला, जावेला, झालंच तर वर्षभर अबोला धरलेल्या मावसबहिणीलाही. "छाती बघ कशी भरलीये!" कौतुक मिळेल तिथून ती वसूल करत होती.

सलूनवाला नुसता "हं" म्हणायचा. मुलाचे केस पहिल्यापासून त्यानंच कापलेले. पोराचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर. कल्ले सरळ दिसावेत म्हणून मुद्दाम वाकडे कापावे लागत. पहिल्या रांगेतल्या पोराचे कान मात्र अगदी एका रेषेत. तो दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा होता. आपला सुरुवातीला मागच्या कोपऱ्यात सापडायचा. नंतर तिथंही दिसेना.

सांगावं तर बायकोचा जीव टांगणीला, न सांगावं तर आपल्या एकट्याचा. त्यानं एकट्याचा पत्करला. त्यात आणखी एक भानगड होती. पोरगा परत आला तर दुकानात आपल्या शेजारी उभा राहील, हा विचार त्याला अधूनमधून गोड वाटायचा. वाटला की स्वतःचाच राग यायचा आणि गिऱ्हाइकाच्या गालावर नको तेवढा फेस चढायचा.

फोन आला तेव्हा खुर्चीत मास्तर होते, अर्धी दाढी झालेली.

"बाबा, गुडघा दुखावला होता. दवाखान्यातच होतो. आता म्हणतात, नव्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्यापासून कर, नाहीतर घरी जा."

"चालता येतं का?"

"चालतो. धावताना जरा कुरकुरतो. बरा होईल म्हणतात." मग आवाज बारीक झाला. "बाबा, येऊ का?"

'ये' अगदी ओठांवर आलं होतं.

"मला विचारशील तर मी ये म्हणेन," सलूनवाला म्हणाला. "म्हणून मला विचारू नकोस."

पलीकडे पोरगा हसला. "लबाड आहात तुम्ही. राहतो."

"राहा. पण आईला तूच सांग. मी नाही त्यात पडणार."

त्यानं मागच्या खोलीत हाक मारली. बायको हात पुसत आली आणि फोन कानाला लावताच सुरू झाली, "बघितला रे कालचा फोटो! अगदी पुढे!"

मग ऐकत राहिली. चेहरा आधी उतरला, मग पारा चढला.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाच्या पोराचं कौतुक करत होते? आणि तू तिकडे एकटा पडून? हेही नुसतं 'हं' म्हणत बसले! थांब, यांना बघतेच मी. आधी सांग, पाय शेकतोस का?"

"अहो," मास्तर आरशातून म्हणाले, "माझी अर्धी राहिलीय."

सलूनवाल्यानं वस्तरा उचलला, आपल्या हाताकडे पाहिलं आणि परत खाली ठेवला.

"थोडं थांबा, मास्तर. आत्ता नको."