तीन सेकंदांची उडी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जुन्या चित्रपटांची डागडुजी करणाऱ्या एका कार्यालयात, वेणीने बेचाळीस वर्षांनी स्वतःला तिसऱ्या मजल्यावरून पडताना पाहिलं.

वेणी हे त्याचं टोपणनाव. वय एकाहत्तर, डोक्यावर केस औषधालाही नाही. चित्रपट कुंगफूचा, तस्करांच्या टोळीत वेश पालटून शिरलेल्या दोन गुप्त पोलिसांचा. त्यातल्या नायिकेच्या मारामाऱ्या यानेच केल्या होत्या, तिचे कपडे आणि लांब वेणीचा विग घालून. विग बसवणारी हेअरड्रेसर पुढे त्याची बायको झाली. "लग्नाआधी मी नवऱ्याची वेणी घालायचे," असं ती चारचौघांत सांगायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

दुरुस्त केलेल्या प्रतीच्या शेवटी राहून गेलेल्या कामगारांची नावं जोडायची होती. संगणकापुढची मुलगी एकेक फ्रेम पुढे सरकवत होती. गोदामाची खिडकी फुटली, आकृती हवेत वळली, डाव्या खांद्यावर खोक्यांत आदळली.

"काका, चेहरा कुठेच नाही हो."

"दिसला असता तर फाइट मास्टरने पुन्हा उडी मारायला लावली असती."

"एकदा तरी मान वळवायची!"

"तेच तर चुकवायचं असतं, बाळ."

या चुकवण्याचा त्याला जन्मभर अभिमान होता. आता तोच अंगाशी आला. फाइट मास्टर गेला, कॅमेरामन गेला, बायको गेली. कागदोपत्री नाव नव्हतं. नियम साधा होता: त्या वेळी सेटवर असलेल्या एकाची तरी लेखी साक्ष, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. हयात होती ती एकटी नायिका. आणि ती तर प्रत्येक मुलाखतीत सांगत आली होती, उडी माझीच.

घरात बोलायला कुणी नसल्याने त्याचा आवाज बसलेला असे. त्याने खाकरून घेतलं, भिंतीशी दोन वाक्यं बोलून पाहिली, मग नायिकेचा नंबर फिरवला.

"कोण, वेणी? अरे, अजून आहेस?"

"आहे, बाई. पडायचं तेवढं बंद केलंय."

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी हेअरड्रेसरची चौकशी केली. त्याने सांगितलं.  नंतर त्यानेच साक्षीचा विषय काढला.

"लोक मला त्या उडीसाठीच ओळखतात रे."

"माहितीये. टीव्हीवर ऐकलंय. छान सांगता."

"टोमणा मारतोस?"

"नाही हो. आम्ही दोघं मिळून ऐकायचो. ही म्हणायची, बघ, तुझं किती कौतुक चाललंय."

"मला तो तुकडा पाठवायला सांग," बाई म्हणाल्या. "पाहते आणि कळवते."

कार्यालयातल्या मुलीने गुरुवारी तो तीन सेकंदांचा तुकडा लिंकने पाठवला. शुक्रवारी सकाळी तिने वेणीला फोन करून सांगितलं की बाईंनी तो चौदा वेळा पाहिल्याची नोंद दिसते. साक्ष आलेली नाही. दुपारी बारा आणि तीन वाजता वेणीने बाईंना फोन केले. ते उचलले गेले नाहीत.

चार वाजून चाळीस मिनिटांनी जोडायच्या नावांच्या यादीतली वेणीची ओळ अजून मोकळीच होती; मुदत संपायला वीस मिनिटं उरली होती.