ज्ञानूची पात

वाईट माणसाशी भांडता येतं. रामभाऊ वाईट नव्हता, तिथंच चंद्राबाईचं घोडं अडलं होतं. हा तिचा दीर पुण्यात शिपाई. साहेबांच्या हातापाया पडून त्यानं पुतण्यासाठी तिथल्या आजारी माणसांच्या आश्रमात जागा मिळवली होती, आणि आज दुपारच्या एसटीनं तो तिच्या ज्ञानूला नेणार होता. जायचंय का, हे पंचविशीतल्या ज्ञानूला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

ज्ञानूला फेपरं यायचं. मागल्या आठवड्यात चिमाजीच्या खाचरात भाताची लावणी चालू असताना तो तोंडावर चिखलात पडला. पासली गावात लावणी सावडीनं होते, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्याचा हात धिमा त्याला ओळीच्या टोकाला, बांधाकडं उभं करायचं, ही जुनी रीत. डोक्यावर इरलं घेऊन माणूस वाकला की शेजारचाही दिसत नाही, मग टोकाचा कुठला दिसायला? उशिरा कळलं, ज्ञानू थोडक्यात वाचला. चिमाजीनं हात जोडले, हे पोरगं सावडीत नको म्हणाला. ज्याचा माणूस सावडीत नाही, त्याच्या रानात कोण येणार? चंद्राबाईनं ज्ञानूला पुण्याला न्यायला मुकाट्यानं होकार दिला.

आज सकाळी मायलेक दोघंच आपल्या खाचरात उतरले. रामभाऊ ज्ञानूचं गाठोडं घेऊन बांधावर बसला. एवढ्यात चिमाजीचीच बायको पारूबाई पाचसहा बायका घेऊन आली. नवऱ्याला विचारून आली असेल असं वाटत नाही.

"ज्ञानू टोकाला नगं," ती म्हणाली. "माज्या नि बनाबाईच्या मधी."

ओळ मागं मागं सरकू लागली. पारूबाईचा कोपर घडीघडी ज्ञानूला लागत होता. चंद्राबाईचं सारं ध्यान लेकाकडं. आजचा दिवस टळू दे, एवढंच ती देवाला विनवत होती.

टळला नाही. कोपराला ज्ञानू लागेना तशी पारूबाईनं हातातली रोपं टाकली. तो चिखलाला टेकायच्या आत दोघींनी त्याला धरला, बांधावर नेऊन कुशीवर निजवला. चप्पल हुंगवा, असं कुणीतरी म्हणालं, त्याला बनाबाईनं गप्प केलं. चंद्राबाईचे पाय चिखलात रुतले ते निघेनात.

"बगितलंत?" रामभाऊ म्हणाला. "असा किती दिवस वाचंल?"

"आमी बगितलं म्हून वाचला," पारूबाई म्हणाली. "तितं ह्याच्या शेजारी कोन वाकनार हाय?"

तिथं डॉक्टर असतात, असं रामभाऊ म्हणाला.

बायका परत कामाला लागल्या. खाचर हिरवं होत गेलं. ज्ञानूनं डोळे उघडले तेव्हा ओळ पार पलीकडच्या बांधाशी पोचली होती आणि मधोमध एक पट्टी तशीच काळी राहिली होती. प्रत्येकीनं आपापली पात लावली होती, त्याच्या पातीला कुणी हात लावला नव्हता.

एसटीची वेळ होत आली. दिरापुढं कधी तोंड न उघडलेल्या चंद्राबाईनं त्याच्यासमोरच लेकाला विचारलं, "जायचंय का रं पुन्याला?" लेक हो म्हणाला तर काय, ही भीती होतीच.

ज्ञानूनं चुलत्याकडं बघितलं, मग खाचराकडं.

"माजी पात ऱ्हायलीया," तो म्हणाला.

दम धरून उठला आणि रोपांची मूठ घेऊन चिखलात उतरला. पारूबाई हातपाय धुऊन बसली होती, ती पुन्हा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.