वेगगुरूंची तांब्याची पट्टी

फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपी, चष्मेवाला, झेरॉक्सवाली, सगळे आपापली दुकानं सोडून एका कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून उभे होते. मधोमध कॉम्प्युटरचा वेग वाढवून देतो म्हणणारे वेगगुरू. कॉम्प्युटरची एक बाजू उघडलेली आणि आत एकमेकींना जोडलेल्या दोन हार्ड डिस्क.

“या दोघी म्हणजे जावा,” वेगगुरू हातातली तांब्याची पट्टी दाखवत म्हणाले. “एका घरात नांदतात, पण मनं जुळत नाहीत. ही पट्टी मनं जुळवते.”

“जावांना पट्टी नाही, वेगळी चूल लागते,” झेरॉक्सवाली पुटपुटली.

पट्टीआधी एक मोठी व्हिडिओ फिल्म उघडायला चाळीस सेकंद लागले होते. वेगगुरूंनी पट्टी चिकटवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि तीच फिल्म पुन्हा उघडली. चार सेकंद. चष्मेवाल्याने तर हातच जोडले.

स्टुडिओ ज्याचा, त्याची थोरली बहीण मागे उभी होती. शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. बाईंना इतका वेळ गंमत वाटत होती. वेगगुरूंचं पुढचं वाक्य ऐकून ती संपली.

“आता टेबलावरची ती तिसरी डिस्क पुसून यांच्यातच जोडू. पट्टीखालची डिस्क कधी मरत नाही.”

वडील गेले, त्याच्या आदल्या वर्षी भावाने त्यांच्याकडून आठवणी रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. त्या या जोडीवर होत्या आणि त्यांची दुसरी प्रत फक्त त्या तिसऱ्या डिस्कवर. भावाने मान डोलावली तशा बाई पुढे झाल्या.

“पुसण्याआधी कॉम्प्युटर बंद करून चालू कर,” त्या म्हणाल्या. “पट्टी राहू दे.”

“पट्टीच्या लहरी विस्कटतील,” वेगगुरू घाईने म्हणाले.

“इतक्या नाजूक लहरींच्या भरवशावर बाबांना कसं ठेवायचं?”

भावाने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पट्टी जागच्या जागी, तरी फिल्मला पुन्हा चाळीस सेकंद. मग बाईंनी पट्टी काढायला लावली आणि लगेच तीच फिल्म उघडायला सांगितली. चार सेकंद.

“एकदा वाचलेली फिल्म कॉम्प्युटरच्या मेमरीत राहते,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या खेपेला डिस्कला कोणी विचारतच नाही. कॉम्प्युटर बंद केला की मेमरी कोरी.”

“मग डिस्क जोडणं हेही थोतांडच?” शिंप्याने विचारलं.

“छे. फाईलचे तुकडे दोघींवर आलटून पालटून पडतात, दोघी एकदमच वाचतात, म्हणून वेग खरंच जवळपास दुप्पट होतो. डिस्क सारख्याच घ्या, मोठ्या फिल्मसाठी तुकडा मोठा ठेवा, काठोकाठ भरू नका. पण एक बिघडली, तर दुसरीवर उरतात ते निरुपयोगी तुकडे. म्हणून प्रत वेगळ्याच डिस्कवर हवी.”

वेगगुरूंना तेवढ्यात दुसरीकडचं बोलावणं आठवलं. पाठोपाठ गर्दीही पांगली.

भाऊ तिसरी डिस्क हातात धरून बसला होता. “ताई, मी हो म्हणालो होतो गं.”

“डोळे दिपले की होतं तसं,” बाई म्हणाल्या. “अशा वेळी एकच विचारायचं, पट्टी नसती तर काय झालं असतं? आणि ते करून बघायचं. जो करून बघू देत नाही, त्याच्या हाती बाबांचा आवाज द्यायचा नाही.”