हरलेल्या मुलीशेजारची खुर्ची

नेब्रास्काहून वॉशिंग्टनपर्यंत दोन दिवस एकटीने गाडी हाकत व्हर्ना कोल्टरमन आली होती, ती एका बारा वर्षांच्या पोरीला हरताना बघायला. लाज? छे! लाज कर्टिस ड्वोराकला वाटायला हवी होती.

कर्टिसच्या मुलीला, मॅरेनला, व्हर्नाने तीन वर्षं शाळेच्या वाचनालयात बसवून शब्द शिकवले. कोबी-खिम्याचा एकच बन अर्धा अर्धा खात दोघींनी अख्खा शब्दकोश पालथा घातला. पोरगी स्पेलिंगच्या स्पर्धेत राज्यात पहिली आली आणि दुसऱ्याच दिवशी या ट्रॅक्टरविक्या बापाने व्हर्नाला फोनवर दोन ओळी टाकल्या: 'आता राष्ट्रीय पातळी आहे. शहरातला चांगला शिक्षक बघितलाय.' चांगला म्हणे! मग व्हर्ना काय इतके दिवस गवत उपटत होती? "आपटू दे एकदा," ती तेव्हापासून रोज म्हणायची, "मग बघते बापाचं तोंड."

आणि आपटली. उपांत्य फेरीत मॅरेनचं एक अक्षर चुकलं, पंचांनी घंटी वाजवली. व्हर्ना इतक्या मोठ्याने "बरं झालं!" म्हणाली की शेजारची बाई वळून बघायला लागली.

इथली रीत अशी, की बाद झालेल्या मुलाला मंचाच्या कडेला खुर्चीवर बसवतात आणि आई नाहीतर बाप वर येऊन शेजारच्या खुर्चीत बसतो. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. मॅरेनला आई नव्हती. बाप पहिल्या रांगेत हाताची घडी घालून, लालबुंद होऊन ढिम्म बसलेला. टाळ्या वाजून थांबल्या. पोरगी गळ्यातल्या क्रमांकाच्या पाटीचा कोपरा चावत रिकाम्या खुर्चीकडे बघत होती, आणि टीव्हीचा कॅमेरा थेट तिच्या तोंडावर.

"अरे, ऊठ की मेल्या!" व्हर्ना पुटपुटली. तो काही उठला नाही.

मग तीच उठली. लोकांचे पाय तुडवत, अडवणाऱ्या रखवालदाराला कोपराने बाजूला सारत मंचावर चढली आणि त्या खुर्चीत धपकन बसली. मॅरेन तिच्या दंडाला चिकटली. कर्टिस ड्वोराकच्या जागी कोण बसलंय, ते आता सगळा देश बघत होता. व्हर्नाच्या काळजाला थंडावा मिळाला.

तेव्हा कुठे साहेबांना पाय फुटले. धावत वर आले, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि दात आवळून म्हणाले, "ऊठ. माझी मुलगी आहे ती."

"आत्ता आठवलं होय?"

"तमाशा नको, व्हर्ना. खुर्ची सोड."

"काय गं, उठू?" व्हर्नाने पोरीला विचारलं.

मॅरेनने बाहीला नाक पुसलं. "बाई, एवढ्या लांब मला हरताना बघायलाच आलात ना?"

व्हर्नाला खोटं बोलवेना. "हो."

"वाटलंच." पोरीने दंड काही सोडला नाही. "बाबा, तुम्ही उभेच राहा."