मूळ रंगाची नाइट कूरियर

ऑरिन स्टकीने दुसऱ्या कुणाला सायकलीची किंमत विचारावी, इथेच खरं तर डेल्मरच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा वर्षांतली कुठलीही सायकल त्या म्हाताऱ्यापुढे उभी करा, नुसतं चेनकव्हर पाहून तो साल सांगायचा. अख्ख्या ओहायोत त्याचा शब्द शेवटचा. आणि तो फोनवर म्हणत होता, "वीस सायकली विकायला काढायच्यात. तू ये आणि भाव लाव. माझं मन धजत नाही."

डेल्मर राऊश गेला. न जाऊन करतो काय! ही विद्या त्याला ऑरिननेच दिलेली, तीही फुकट, एकोणतीस वर्षांपूर्वी. इतका जीव लावून दुसऱ्याच्या पोराला कुणी शिकवतं का, असं गावात लोक म्हणायचे, आणि डेल्मरला त्याचा अभिमान वाटायचा. गाढव कुठला!

तो या नादाला लागला तो काही हौसेने नव्हे. १९५५ च्या ऑक्टोबरात त्याचा थोरला भाऊ मर्ल, वय वर्षं तेरा, शाळा सुटल्यावर नेहमीसारखा सायकलवरून घरोघर वर्तमानपत्रं टाकायला गेला, तो परत आलाच नाही. लोकांनी नदी उपसायची तेवढी बाकी ठेवली. ना मर्ल सापडला, ना सायकल. घरात उरली ती ऑरिनच्या दुकानातली खरेदीची पावती आणि तिच्यावरचा सायकलीचा नंबर, के ४१७७३६. डेल्मर तेव्हा नऊ वर्षांचा होता. आज अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला, तरी जत्रेत, लिलावात, कुणाच्या गोठ्यात, जिथे जुनी सायकल दिसेल तिथे गुडघे टेकून नंबर वाचायचा. लोक म्हणायचे, "आले वैद्यबुवा, सायकलीची नाडी बघायला." आई ब्याऐंशीची. दर रविवारी ताटावर बसल्यावर विचारायची, "सापडली का रे?" ती सायकलीचंच विचारायची. मर्लचं नाव घ्यायची तिची छाती होत नसे.

त्या शनिवारी ऑरिनची बायको चर्चमधल्या जेवणावळीला शेवया शिजवायला गेली होती. घरी म्हातारा एकटाच. पार वाळला होता, गळपट्टीत मान हलत होती.

"डॉक्टरने नाताळपर्यंतची मुदत दिलीय," तो म्हणाला. "चल, कोठारात जाऊ."

"असं एकदम काय बोलता हो?"

"मग काय, वाजंत्री लावून बोलू?"

एकोणीस सायकलींना दुपारचे दोन वाजले. डेल्मर एकेकीला फिरवून बघायचा, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि ती हँडलला बांधायचा. एका निळ्या सायकलीपाशी त्याला हसू आलं.

"म्हातारबा, हिचं धड एकीचं, पुढचा काटा दुसरीचा, सीट तिसरीची. तीनशे मिळाले तरी देवाला नारळ फोडा."

"तोंड आवर. माझी लाडकी आहे ती."

"आणि या लालीला नवा रंग कुणी फासला? तुम्हीच ना सांगता, मूळ रंग एकदाच असतो म्हणून?"

"तेच तर," ऑरिन म्हणाला. उठला आणि वारा लागतो म्हणून त्याने कोठाराचं दार लावून घेतलं. मग मागच्या कोपऱ्यात जाऊन ताडपत्री ओढली. "आता हिला बघ."

डेल्मर बघतच राहिला. नाइट कूरियर! काळी, लाल पट्ट्यांची. मधल्या दोन नळ्यांत बसवलेली खोटी टाकी, टाकीत भोंगा, पुढे स्प्रिंगचा काटा, पांढऱ्या कडेचे टायर. क्रोम असं की दाढी करावी त्यात बघून. रंगाला ऊन लागलेलं नव्हतं की पाऊस. मर्लची सायकलही याच बनावटीची; असल्या त्याने शंभर पाहिल्या होत्या. प्रत्येक वेळी छातीत धस्स व्हायचं आणि प्रत्येक वेळी नंबर वेगळाच निघायचा. आताशा धस्स होणंही बंद झालं होतं. आता त्याला झाला तो निव्वळ आनंद.

"कुठे लपवली होतीत ही? बोल्टसुद्धा कारखान्यातलेच! रेषा हाताने मारलेल्या, एकही उडालेली नाही!" त्याने चिठ्ठी घेतली. "साडेसहा हजार. डोळे झाकून. फक्त मागचा मडगार्ड चेपलाय आणि पेडलचा दांडा वाकलाय, त्याचे पाचशे कमी." त्याने सहा हजार लिहिले आणि चिठ्ठी बांधली.

"सहा," ऑरिन पुटपुटला. त्याचा चेहरा उजळला होता. "मीही सहाच धरले होते."

राहिला नंबर. या कारखान्याचा नंबर मागच्या चाकाच्या डाव्या नटाशेजारी ठोकलेला असतो. डेल्मरने गुडघे टेकले, अंगठ्याने धूळ पुसली आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागला.

"के, चार, एक, सात..."

"सात, तीन, सहा," ऑरिन मागून म्हणाला.

डेल्मर उठला नाही. बोट तिथेच राहिलं.

"मिल रोडच्या वळणावर," ऑरिन सांगू लागला, गिऱ्हाइकाला सायकलीची माहिती द्यावी तितक्या सावकाश. "आभाळ भरून आलेलं. मी ट्रकचे दिवे लावले नव्हते. दिसला तेव्हा फार उशीर झाला होता."

"माझ्या आईसमोर," डेल्मरचा आवाज चिरकला, "माझ्या आईसमोर बसून सूप प्यायलात तुम्ही! नंबर लिहून घेतलात, लक्ष ठेवतो म्हणालात!"

"हो."

"मग हिला भंगारात का नाही घातलं? नदीत का नाही टाकलं? कुणाच्या बापाला कळलं असतं?"

"तीनदा करवत लावली रे. हात चालेना. बघ ना तो रंग! असा पुन्हा व्हायचा नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते सायकलीसाठी होतं, हे डेल्मरला स्पष्ट दिसलं. "एकोणचाळीस वर्षं कुणाला दाखवता आली नाही. मरायच्या आधी हिची किंमत कळणाऱ्या एका तरी माणसाने हिला बघावं, एवढंच होतं मनात. तसा तू एकटाच."

डेल्मरला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. हाताला मात्र चिठ्ठीची दोरी लागली, ती त्याने ओढून तोडली.

"मर्ल कुठे आहे?"

"जुन्या चुनखाणीत. पुढे तिथे पाणी भरलं."

उद्या रविवार. आई विचारणार, आणि आता उत्तर द्यावं लागणार. ते ऐकल्यावर ती एकच गोष्ट विचारेल, हे डेल्मरला ठाऊक होतं. ती त्याने आधीच विचारून टाकली.

"लगेच गेला का तो?"

ऑरिन सायकलीकडे बघत होता.

"नाही. बोलत होता. पाय हलत नव्हते. आईला बोलवा, म्हणाला."

"मग?"

"तेवढ्यात पाऊस आला. दोन्ही एकदम उचलणं जमेना. सायकल नवीकोरी, मीच विकलेली. म्हटलं, आधी ती ट्रकमधून इथे कोठारात नेऊ. आणली, पुसली, टाकी उघडून आतूनही पुसली. मग त्याला आणायला गेलो. तोवर तो गेला होता."

"किती वेळ पुसत होतात?"

म्हाताऱ्याने खरंच आठवून पाहिलं.

"तासभर लागला असेल. सांध्यांत पाणी राहिलं असतं, तर गंज धरला असता."