रामप्रसादच्या वरचं नाव

मी सटवाजी, साखऱ्याचा. मेंढरं राखतो. तोंडानं वाईट हाय, असं माझी बायको भागाबाई सगळ्या गावाला सांगते, अन् ते काही खोटं न्हाई.

आमचा रामप्रसाद चार सालापासून हिंगोलीत खोली करून फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिला होता. औंदा निकाल लागला अन् पोरगं घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलं. जेवंना, बोलंना. मी लई खोदून इचारलं तव्हा म्हणला, "आबा, एका नावानं गेलं. माझ्या वर कनेरगाव नाक्याची पुनम हाय. तिला कारकुनाची नोकरी आधीच हाय. तिनं ही जागा सोडली तर माझा नंबर लागतो."

"सोडता येते?"

"येते. मोबाईलवरूनच. हप्त्याभराची मुदत असते."

मंग काय, मी पारावर जाऊन सगळ्यायला सांगितलं. एका नावानं गेलं म्हणलं, एका नावानं. अन् घरी येऊन पोराला म्हणलं, चल तिच्या घरी.

"न्हाई आबा, असं कोणी मागायला जात न्हाई."

"काहून न्हाई? रडल्याशिवाय माय बी दूध पाजत न्हाई. ऊठ."

गाडीवर तो पुढं, मी मागं, मांडीवर कोकरू. रिकाम्या हातानं कसं जावं? वाटेत त्यानं दोनदा गाडी थांबवली. एकदा म्हणला पेट्रोल संपत आलं, एकदा म्हणला पोट दुखून राहिलं. मी म्हणलं, फौजदार व्हायचं अन् पोट दुखतं व्हय रे? चल मुकाट्यानं.

पुनमचे वडील व्यंकटराव ओसरीवर बसले होते. चांगले जमीनवाले, अन् गळ्यात तुळशीची माळ. माळकऱ्याच्या दारात मी कोकरू घेऊन उभा! "पाळायला आणलं, कापायला न्हाई," असं मी म्हणलं अन् माझं मलाच कसंनुसं झालं. त्यांची बायको सुमनबाई तोंडाला पदर लावून आत गेली अन् पाणी घेऊन आली. रामप्रसाद गाडीपाशीच उभा राहिला, अंगणाच्या कडेला.

मी सगळं सांगितलं. पुनम दारात उभी राहून ऐकत होती. बारीक अंगाची पोरगी, पायात पळायचे बूट, त्यायला अजून माती लागलेली.

मला वाटलं व्यंकटराव हाकलून देतील. तर ते पोरीकडंच वळले. "बघ. मी दुसरं काय म्हणून राहिलो? हातचं सोडून पळत्याच्या मागं काहून लागावं? पोरीच्या जातीनं ठाण्यात रात्र काढायची का? ह्या माणसाच्या लेकराचं तरी भलं होईल."

म्हंजे त्या घरात आधीच आग लागलेली होती, अन् मी तेल घेऊन गेलो होतो.

"काका," पुनम मला म्हणली, "मला फौजदारच व्हायचं हाय. कारकुनी करत करत अभ्यास केला तो ह्याच्याचसाठी."

मी बराबर ऐकलं. ऐकूनही डोक्याचा पटका काढला अन् तिच्या पायापाशी ठेवला. आजवर कोणापुढं काढला नव्हता. लाज वाटली, पार कानापर्यंत वाटली. पण लेकरासाठी माणूस कोडगा होतो.

ती मागं सरली. पटका उचलून माझ्या हातात दिला. तिनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. तिच्या बाजूनं कोणी तोंड उघडलं न्हाई. सुमनबाई तर खालीच पाहत होती.

"सोडते मी," पुनम म्हणली अन् मोबाईल काढला. डोळ्यात पाणी होतं, आवाज मात्र सरळ होता. "रोजची कटकट तरी मिटंल, बाबा. अन् कोणाच्या तरी कामी येईल."

खरं सांगतो, मला आतून उकळ्या फुटून राहिल्या होत्या. दुसऱ्याचं लेकरू डोळ्यादेखत रडत होतं अन् मी मनात फौजदाराचा बाप झालो होतो. असा मी.

ती मोबाईलवर काहीतरी दाबत होती. तेवढ्यात गाडीपासून रामप्रसाद बोलला.

"ताई, नका सोडू."

तो ओसरीपाशी आला. माझ्याकडं पाहिलंच न्हाई. "तुम्ही सोडून मला काही भेटत न्हाई. मी लई खाली हाय. आबाला मी खोटं सांगितलं."

 व्यंकटराव तिसरीकडंच पाहायला लागले. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. एक हात उचलला होता त्याच्यावर, पण लोकाच्या अंगणात आणखी काय तमाशा करायचा? हात तसाच खाली आला.

"किती मार्क कमी पडले?" मी इचारलं.

"बावीस."

मी शाळा पाह्यली न्हाई. परीक्षेतले बावीस म्हंजे किती, मला काय ठाऊक? म्हणून मी पुनमलाच इचारलं, "पोरी, बावीस लई असतेत का?"

तिनं डोळे पुसले. रामप्रसादकडं पाहिलं, त्याची मान खाली. मंग माझ्याकडं पाहून म्हणली, "न्हाई काका. थोडेच असतेत. पुढच्या साली होऊन जाईल."

बोलताना तिची नजर हलली. जिच्या तोंडचा घास मी ओढायला आलो होतो, ती पोरगी माझी लाज राखायला खोटं बोलून राहिली होती. अन् मी व्हय, व्हय म्हणत मान हलवली, खरं वाटल्यासारखी.