दोन दारांची खोली

गेल्या वर्षी ताई नापास झाली ती दोन शब्दांपायी. सराव-मुलाखतीत रुग्ण झालेली बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सासू माझा अख्खा पगार काढून घेते हो, मी काय करू?" आणि ताई म्हणाली, "देऊ नका." झालं. प्रशिक्षकाने फुली मारली. समुपदेशकाने सल्ला द्यायचा नसतो, हा या धंद्यातला पहिला नियम. माणूस पेटलेल्या घरात बसला असला तरी "बाहेर ये" म्हणायचं नाही. "धुराबद्दल तुमच्या मनात काय येतंय?" असं विचारायचं.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत ताई बावीस वर्षं लोकांचं ऐकत आली होती. खाली हातोडे वाजायचे, वर माणसं रडायची, आणि दोन्ही आवाज एकमेकांना सांभाळून घ्यायचे. परवाना चालू ठेवायचा तर अधूनमधून प्रशिक्षण घ्यावं लागतं, असा मंडळाचा नियम. नियमात खोट नाही. माणसाने मरेपर्यंत शिकावं. पण शिकवायला कोण? ज्याने रडणाऱ्या माणसापुढे कधी पाण्याचा ग्लास सरकवला नाही तो. त्याच्याकडे रंगीत चित्रं असतात, बाण असतात, वर्तुळं असतात. दुःख वर्तुळात बसलं नाही की तो म्हणतो, दुःख चुकलं.

यंदाही फुली पडली तर परवाना जाणार होता. सोमवारपासून खोलीला कुलूप, आणि तिच्याकडे येणारी माणसं वाऱ्यावर.

म्हणून ताईने महिनाभर घरात जिभेला लगाम घालायचा सराव केला. नवरा जेवता जेवता म्हणाला, "भाजीत मीठ नाही."

"मीठ नसल्याचं तुम्हाला जाणवतंय."

"जाणवतंय कसलं, नाहीच आहे."

"आणि त्याचा तुम्हाला त्रास होतोय."

"आत्ता व्हायला लागलाय," म्हणत नवरा उठला आणि मिठाचा डबा घेऊन आला. लेक म्हणाली, "बाबा, तिला एकदा पास होऊ दे. मग काय भांडायचं ते भांडा."

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळपासून प्रशिक्षक बोलत होता. आवाज इतका मऊ की मागच्या रांगेतले दोघे कधीच गाढ झोपले होते. जेवणानंतर त्याने जोड्या पाडल्या. "दाराजवळच्या खुर्चीत समुपदेशक बसेल, समोर रुग्ण. रुग्णाने आपला त्रास मनाने रचायचा. मी एकेका खोलीत येऊन बघेन. त्यावरच निकाल. ज्यांचं झालं त्यांनी हॉलमध्ये थांबायचं."

ताईच्या वाट्याला आली अडगळीची खोली. मोडक्या खुर्च्या, पोछ्याची बादली, एक उलटा फळा. ताई बोळातून आत शिरली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. तिचा जोडीदार, निळ्या स्वेटरातला एक जाडगेला गृहस्थ, हॉलकडून आत आला आणि तोही दाराजवळच्या खुर्चीत बसला. खोलीला दारं दोन होती. हे प्रशिक्षकाच्या वर्तुळात कुठे बसत नव्हतं.

आता बघा, दोन न्हावी समोरासमोर बसले तर कोणीतरी म्हणेल, अहो, वस्तरा माझ्याही हातात आहे. दोन समुपदेशक बसले तर कोणी काही म्हणत नाही. रुग्णाला वेळ द्यावा, हेच दोघांना शिकवलेलं.

दोघांनी वेळ दिला. तोंडात गुळणी धरल्यासारखे दोघे एकमेकांकडे प्रेमाने बघत बसले. भिंतीवरची पाल कंटाळून फळ्यामागे गेली.

"हं," स्वेटरवाला शेवटी म्हणाला.

"हं," ताई म्हणाली. मनात म्हणाली, बोलायला लागला बिचारा.

"सावकाश. घाई नाही," तो म्हणाला.

"घाई नाही असं तुम्ही स्वतःलाच सांगताय."

स्वेटरवाल्याने मान डोलावली. ताईनेही डोलावली. "तुम्ही माझी वाक्यं मलाच परत देताय," तो म्हणाला.

"आणि ते तुम्हाला खटकतंय."

"खटकतंय असं तुम्हाला वाटतंय."

ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. या गृहस्थाने भलताच अवघड त्रास रचला होता. आपण समुपदेशक आहोत अशा भ्रमात असलेला रुग्ण. काय नट आहे, ती मनात म्हणाली, मान हलवणंसुद्धा हुबेहूब. तिने खुर्ची जरा पुढे घेतली.

"हे कधीपासून आहे? दुसऱ्यांची दुःखं आपण ऐकतो, असं वाटणं?"

स्वेटरवाल्याचे डोळे भरून आले. त्याच्याही डोक्यात तोच प्रकाश पडला होता. "तुम्ही सांगा. तुम्हाला कधीपासून वाटतं?"

"मला बावीस वर्षं झाली."

"बावीस वर्षं," तो हळहळला. "घरचे काही म्हणाले नाहीत?"

"घरचे मिठावरून बोलतात."

"मिठाबद्दल अजून सांगा."

ताईचा संयम सुटत चालला होता. या माणसाला झडझडून सांगावं, बाबा रे, तू बरा आहेस, घरी जाऊन झोप. पण तो सल्ला झाला असता. तिने जीभ दातांखाली धरली.

स्वेटरवाला पुढे वाकला, आणि फार मायेने म्हणाला, "ज्यांची दुःखं ऐकता म्हणता ती माणसं… इतरांनाही दिसतात का?"

"ओ, टायरवाल्याला विचारा दिसतात का," ताई भडकली. "जिना चढताना त्याच्या टायरांना अडखळतात ती. तुम्ही मला पेशंट समजताय की काय?"

"नाही आहात?"

"मी दाराजवळ बसलेय."

"दाराजवळ तर मी बसलोय."

दोघांनी मागे वळून आपापलं दार बघितलं. नेमकं तेव्हाच हॉलकडचं दार उघडून प्रशिक्षक आत आला.

त्याने ऐकून घेतलं. चूक कोणाची हे तिघांनाही दिसत होतं, आणि तिघांपैकी एकालाच ते दिसणं परवडत नव्हतं. "म्हणजे रुग्ण कुणीच नव्हतं," तो मऊ आवाजात म्हणाला. "रुग्णाशिवाय मी तपासू काय? तुम्हा दोघांना पुढच्या वर्षी यावं लागेल."

"सोमवारी माझ्या जिन्यावर माणसं बसतील, त्यांना काय सांगू? पुढच्या वर्षी रडा?" ताई म्हणाली. "रुग्ण हवाय ना? तुम्ही बसा."

"मी प्रशिक्षक आहे."

"तसं तुम्हाला वाटतंय," स्वेटरवाला म्हणाला. इतका वेळ तो हेच घोकत होता, तोंडातून निसटलं.

प्रशिक्षक बसला. कदाचित पाय दुखत असतील. रचलेला त्रास सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि आतून भलतंच आलं.

"मेव्हणा," तो म्हणाला. "दोन दिवस राहतो म्हणून आलाय. आठ महिने झाले."

"हं."

"माझ्या खोलीत झोपतो. माझी चप्पल घालतो. हा शर्ट बघा, त्याचा आहे. माझे सगळे त्याच्या अंगावर."

"शर्ट तुम्हाला ढगळ होतोय," स्वेटरवाला म्हणाला.

"बायको म्हणते, माझा भाऊ आहे म्हणून मी बोलत नाही, तू बोल. मी काय बोलू? मी सगळीकडे 'नाही म्हणण्याची कला' शिकवतो हो. परवा तो माझ्याच वर्गात येऊन बसला. फुकट. आणि शेवटी म्हणाला, दाजी, छान शिकवता." त्याचा आवाज फाटला. मऊपणा गेला आणि त्याच्या जागी चक्क माणूस आला. "मी काय करू?"

"तुम्हाला काय करावंसं वाटतं?" ताई म्हणाली.

"वाटतं काय, वाटून झालंय सगळं. तुम्ही सांगा ना."

"सल्ला द्यायचा नसतो."

"अहो, नियम राहू द्या बाजूला."

ताईने त्याच्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं. "आधी दोघांचा निकाल लिहा. खाली सही. मग सांगते."

प्रशिक्षकाने स्वेटरवाल्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. प्रशिक्षकाने सही केली. एक, मग दुसरी. ताईने कागद पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"त्याला म्हणायचं, निघ. बास. मागेपुढे काही लावायचं नाही."

"पण त्याच्या भावना..."

"त्याच्या भावना तुमच्या शर्टात आरामात आहेत. म्हणून बघा आत्ता."

स्वेटरवाल्याला सांगावं लागलं नाही. तो खुर्चीत पसरला, पाय बादलीवर टाकले आणि म्हणाला, "दाजी, चहा टाका ना. आणि माझा निळा शर्ट इस्त्री केला का?"

"मला असं जाणवतंय की..." प्रशिक्षक म्हणाला.

"दाजी, साखर जरा जास्त."

"आपल्या दोघांच्या गरजा..."

"तुम्ही त्याची माफी मागताय," ताई म्हणाली. "पोटातून काढा."

"बिस्किटं पण आणा," स्वेटरवाला म्हणाला, आणि जांभई दिली.

प्रशिक्षक उठून उभा राहिला. मान लाल झाली. "निघ," तो म्हणाला. मग पुन्हा, आणि या वेळी हॉलमध्ये झोपलेलेही जागे झाले. "सामान उचल आणि निघ. आत्ताच्या आत्ता. पुन्हा इकडे फिरकायचं नाही."

ताईने हॉलकडचं दार किलकिलं करून बाहेर पाहिलं. हॉलमधली माणसं आज्ञाधारकपणे पिशव्या उचलून जिन्याकडे निघाली होती. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी स्पष्ट सांगितलं गेलं होतं.